समुद्राचा तळ आणि प्रवाहाची वाट



नदीला काठ असतात. समुद्रातील प्रवाहाला काठ कोणते? वरून पाहावे तर पाण्याच्या दोन्ही बाजूंना पाणीच. तरीही जपानच्या दक्षिण किनाऱ्याजवळून वाहणारा, सुमारे शंभर किलोमीटर रुंदीचा कुरोशिओ हा उष्ण प्रवाह पुष्कळदा वर्षानुवर्षे एकच वाट धरून राहतो. त्याला आवरून धरण्यात मोठा वाटा आहे तो डोळ्यांना न दिसणाऱ्या तळाचा.

हे घडते कसे? पृथ्वी फिरते, तिच्याबरोबर पाण्याचा प्रत्येक स्तंभही फिरत असतो. गिरकी घेणाऱ्या नर्तकाने हात आखडले की गिरकी वाढते, पसरले की मंदावते. पाण्याचेही तसेच आहे. खोल जागी स्तंभ उंच व निमुळता होतो आणि त्याची गिरकी वाढते. उथळ जागी तो बसका होतो आणि गिरकी घटते. म्हणून उथळाकडून खोलाकडे वा खोलाकडून उथळाकडे जाणे प्रवाहाला जड पडते. तो उताराच्या कडेकडेने चालतो. किनाऱ्यालगतचा तीव्र उतार वाटेत उठणाऱ्या लहानसहान वळणांना वाढू देत नाही.

परंतु तळ केवळ सरळपणाच राखतो, असे मात्र समजू नका. क्यूशू बेटाजवळ उठलेले लहान वळण कधीकधी पूर्वेकडे सरकते, वाटेतील कोशू नावाच्या बुडालेल्या पर्वतापाशी वाढते आणि इझू बेटांच्या सागरी डोंगररांगेपाशी येऊन अडते. मग तो वाकडा मार्गच स्थिर होऊन बसतो! १९७५ साली पडलेले असे वळण १९८० पर्यंत राहिले. ऑगस्ट २०१७ मध्ये पडलेले एप्रिल २०२५ पर्यंत, म्हणजे पावणेआठ वर्षे टिकले. अशा काळात मासे सापडण्याच्या जागा हलतात, कोळ्यांचे गणित चुकते. तोकाई किनाऱ्यावर पाणी चढते आणि मोठ्या भरतीला सखल वस्तीत शिरते.

तळ तोच, डोंगर तेच. मग मार्ग दोन कसे? तळाने दोन्ही वाटांना आधार दिला आहे. त्यांतली कोणती धरायची, हे प्रवाहाचा जोर आणि त्याला येऊन भिडणारे भोवरे ठरवितात. समुद्राचा पृष्ठभाग आज उपग्रह न्याहाळतात. पण जगाच्या समुद्रतळाचा एक तृतीयांश भागही अद्याप जहाजांवरून ध्वनिलहरींनी मोजून झालेला नाही. ज्या डोंगरांची उंचीच आपल्याला ठाऊक नाही, त्यांच्यावरून जाणाऱ्या पाण्याचे भाकीत आपण कोणत्या भरवशावर करणार? तळाची ही मोजणी म्हणजे केवळ पंडितांचा छंद नव्हे. किनाऱ्यावरच्या घरांचा आणि चुलींचा तो प्रश्न आहे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.