राखीव जागा आणि माणसाची ओळख
(मंडळाच्या मासिक सभेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ठरला तेव्हा दोन-तीन सभासदांनी विचारले की हा विषय आपल्या मंडळात कशाला? तृतीयपंथीयांची कायदेशीर ओळख हा त्यांचा प्रश्न, आणि स्त्रियांचे हक्क हा आपल्या महिला विभागाचा प्रश्न. दोन्ही एकत्र आणून वाद कशाला वाढवायचा? माझे म्हणणे असे की हे दोन्ही प्रश्न एकत्र आलेलेच आहेत. ते कोर्टात आले, निवडणुकीत आले. आपल्या नातेवाइकांपैकी जे इंग्लंडात स्थायिक आहेत, त्यांच्याकडे तर गेली काही वर्षे यावर जाहीर भांडण चालू आहे. तेव्हा आपणही विचार करून आपले मत बनवावे, हे बरे.

सुरुवात जळगाव जिल्ह्यातल्या एका गावापासून करते. भादली बुद्रुक. २०२० च्या डिसेंबरात तिथे ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. अंजली नावाच्या तृतीयपंथी उमेदवाराने स्त्रियांसाठी राखीव असलेल्या प्रभागातून अर्ज भरला. निवडणूक अधिकाऱ्यांनी तो फेटाळला. कारण असे, की प्रभाग स्त्रियांचा आहे आणि तृतीयपंथीयांसाठी वेगळे आरक्षण नाही. म्हणजे एका दारावर 'तुम्ही स्त्री नाही' ही पाटी आणि दुसरे दार बांधलेलेच नाही! प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी २ जानेवारी २०२१ रोजी अर्ज स्वीकारण्याचा आदेश दिला. अंजलीने स्त्री ही ओळख स्वीकारली आहे आणि पुढे सोयीप्रमाणे ती बदलणार नाही, असे कोर्टासमोर सांगितले गेले. ते कोर्टाने नोंदवून घेतले. निवडणूक झाली आणि गावाने अंजलीला निवडून दिले.

आता याच्या शेजारी मध्य प्रदेशातले कटनी ठेवा. २००० साली तिथे महापौरपद स्त्रियांसाठी राखीव होते. लोकांनी कमला जान या तृतीयपंथी उमेदवाराला निवडून दिले. पुढे निवडीला आव्हान दिले गेले, आणि २००३ साली उच्च न्यायालयातही निकाल त्यांच्या विरुद्धच गेला. कायद्याच्या दृष्टीने त्या पुरुष ठरल्या. दोन्ही ठिकाणी राखीव जागा होती, दोन्ही ठिकाणी मतदारांचा कौल होता, पण निकाल उलटे लागले. मधल्या काळात काय बदलले?

बदलला तो सर्वोच्च न्यायालयाचा १५ एप्रिल २०१४ चा निकाल. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने दाखल केलेल्या या खटल्यात आपल्या महाराष्ट्राशी नाते असलेल्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी याही बाजू मांडत होत्या. न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिक्री यांनी सांगितले की आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ठरवण्याचा हक्क त्या व्यक्तीचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही. शिवाय तृतीयपंथीयांना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास समजून शिक्षणात आणि नोकऱ्यांत आरक्षण द्यावे, असेही त्यांनी केंद्र व राज्य सरकारांना बजावले.

त्यानंतर संसदेने २०१९ साली कायदा केला व तो जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्यात स्वतः ओळखलेल्या लिंगाचा हक्क शब्दांत मान्य केला, पण वाट अशी ठरवली की आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून 'तृतीयपंथी' असा दाखला घ्यायचा, आणि पुढे स्त्री किंवा पुरुष असा दाखला हवा असेल तर शस्त्रक्रियेनंतर पुन्हा अर्ज करायचा. कोर्टाने जी अट काढली ती कायद्याच्या मागच्या दाराने परत आली. त्याच कायद्यात लैंगिक अत्याचाराची शिक्षा सहा महिने ते दोन वर्षे एवढीच ठेवली. स्त्रीवरच्या बलात्काराला २०१८ च्या दुरुस्तीनंतर किमान दहा वर्षे आहेत. माणूस एकाच प्रकारे मोडतो, आणि शिक्षेत एवढा फरक! नोकऱ्यांतल्या आरक्षणाचा तर कायद्यात उल्लेखच आला नाही. कर्नाटकाने २०२१ साली राज्याच्या सेवेत एक टक्का जागा दिल्या.

आता स्त्रियांच्या बाजूचा प्रश्न. तो टाळून पुढे जाणे योग्य नाही, कारण तो खरा आहे. आपल्या राखीव जागा कोणी सहज दिलेल्या नाहीत. १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी स्थानिक संस्थांत एक तृतीयांश जागा आल्या. पुढे महाराष्ट्रात आणि गुजरातेत त्या पन्नास टक्के झाल्या. २०२१ साली आपल्या वडोदरा महानगरपालिकेच्या ७६ जागांपैकी ३८ स्त्रियांसाठी होत्या. लोकसभा आणि विधानसभांसाठीची घटनादुरुस्ती व्हायला २०२३ उजाडले, आणि तिलाही जनगणना व मतदारसंघांच्या पुनर्रचनेची अट लावली गेली. एवढे थांबून मिळालेल्या जागेवर कोण बसणार, हे विचारण्याचा स्त्रियांना अधिकार आहे. तसे विचारणाऱ्या बाईला लगेच मागासलेली म्हणणे हा अन्याय आहे.

हाच प्रश्न स्कॉटलंडमध्ये आला. सार्वजनिक मंडळांवर निम्म्या जागी स्त्रिया असाव्यात म्हणून २०१८ साली तिथे कायदा झाला. त्यातल्या 'स्त्री' शब्दात कोण येते यावरून एक स्त्री-संघटना कोर्टात गेली. ब्रिटनमध्ये २००४ च्या कायद्याने लिंगबदलाचा कायदेशीर दाखला मिळतो, पण त्याला डॉक्टरी अहवाल आणि दोन वर्षांची अट आहे. या अटी काढणारे विधेयक स्कॉटलंडच्या संसदेने डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर केले, ते लंडनच्या सरकारने पुढच्याच महिन्यात अडवले. शेवटी १६ एप्रिल २०२५ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की समानतेच्या २०१० च्या कायद्यात स्त्री म्हणजे जन्माने स्त्री. त्याबरोबर हेही सांगितले की तृतीयपंथीयांना भेदभावाविरुद्ध असलेले संरक्षण कायम आहे. पण आपल्याकडे वर्तमानपत्रांत पहिले वाक्य मोठे छापून आले, दुसरे बहुतेकांच्या वाचनात आले नाही.

मग आपण काय मानावे? मला वाटते, उत्तर घाईने एका शब्दात शोधू नये. कायद्याच्या ज्या-ज्या ठिकाणी स्त्री-पुरुष भेद उरला आहे ती ठिकाणे एकेक करून पाहावीत.

वारसाहक्क घ्या. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद झाली. महाराष्ट्रात हे १९९४ लाच झाले होते. म्हणजे आता घराच्या वाटणीत मुलगा-मुलगी समान. कोणाची ओळख बदलली म्हणून भावाचा किंवा बहिणीचा वाटा कमी-जास्त होण्याचे कारण नाही. मतदान, बँकेचे खाते, पारपत्र, शाळेचा दाखला यांतही तेच. जिथे कायदा समान झाला तिथे कोणाच्या ओळखीने कोणाचे काही जात नाही.

दुसरे, अत्याचारापासून संरक्षण. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली एका प्रकरणात शस्त्रक्रिया करून स्त्री झालेल्या व्यक्तीला कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली दाद मागता येते असे ठरवले. घरात मार खाणाऱ्या एकीला संरक्षण मिळाले म्हणून दुसरीचे काढून घेतले जात नाही. तेही मोकळ्या मनाने मान्य करावे.

उरली ती मोजकी ठिकाणे: राखीव जागा, खेळाच्या स्पर्धा, तुरुंग, वसतिगृहे. इथे मात्र तरतूद कशासाठी केली ते पाहूनच नियम हवा. खेळात शरीराचा प्रश्न येतो हे नाकारून चालणार नाही. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने २०२५ पासून स्त्रियांच्या गटासाठी जनुकीय चाचणी लावली. पण हेही लक्षात ठेवा, की अशा तपासणीची झळ आपल्याकडे प्रथम कोणाला बसली? तमिळनाडूची शांती सौंदरराजन २००६ साली आणि ओडिशाची द्युती चंद २०१४ साली. दोघीही मुलगी म्हणूनच जन्मलेल्या आणि वाढलेल्या. 'खरी स्त्री कोण' हे तपासायला निघालेला माणूस शेवटी स्त्रीच्याच दाराशी येतो.

तिसरे, राखीव जागांचे. 'उद्या पुरुष साडी नेसून आमची जागा घेतील' अशी भीती बोलून दाखवली जाते. भगिनींनो, आपल्या खुर्चीवर पुरुष बसलेले आपण सगळ्यांनी पाहिले आहेत, आणि त्यांना साडी नेसावी लागली नाही. सही बाईची, कारभार नवऱ्याचा! त्याला 'सरपंचपती' असे नावच पडले आहे. हा प्रकार एवढा वाढला की केंद्र सरकारला २०२३ साली त्यावर समिती नेमावी लागली. राखीव जागेची चोरी थांबवायची असेल तर ती आधी तिथे थांबवावी लागेल. भादलीच्या निकालात ओळख सोयीप्रमाणे बदलणार नाही ही हमी नोंदवली गेली. तसा नियम कायद्यात लिहिता येईल, आणि तो डॉक्टरी तपासणीपेक्षा माणुसकीचा आहे.

त्याहूनही महत्त्वाचे असे की तृतीयपंथीयांना स्त्रियांच्या वाट्यातच जागा शोधावी लागू नये. २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुष सोडून 'इतर' या रकान्यात ४,८७,८०३ माणसे मोजली गेली. त्यांना स्वतःचा वाटा हवा, आणि तो सर्वांच्या वाट्यातून यावा. दोन दुबळ्यांना एका पानावर बसवायचे आणि भरलेल्या पंगतीने बाजूला बसून त्यांचे भांडण पाहायचे, ही रीत बरी नव्हे.

आपण वडोदऱ्याचे म्हणवतो, तेव्हा इथल्या परंपरेविषयी दोन शब्द. बहुचराजीचे देऊळ अठराव्या शतकाच्या अखेरीस मानाजीराव गायकवाडांनी बांधले, आणि ती देवी तृतीयपंथीयांची कुलस्वामिनी. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने हिजड्यांच्या याद्या करून स्त्रीवेशात बाहेर पडणे हा गुन्हा ठरवला. आपल्याकडे मात्र बारशाला, लग्नाला मासीबांना दापू देण्याची पद्धत राहिली. पण आशीर्वाद घेणारे आपण त्यांना खोली भाड्याने देतो का? १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीत आलेल्या डॉ. आंबेडकरांना याच शहरात राहायला जागा मिळाली नव्हती. त्या गोष्टीची आज आपल्याला लाज वाटते. ती लाज केवळ जयंतीच्या भाषणापुरती नसावी.

सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बालविवाहाला बंदी घातली, १९०६ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्व राज्यात नेले, १९३१ साली हिंदूंना घटस्फोटाचा कायदा दिला. प्रत्येक वेळी घरे मोडतील अशी ओरड झाली. महाराणी चिमणाबाई १९२७ साली पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. आणि आपल्या सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू हंसाबेन मेहता! मानवी हक्कांच्या १९४८ च्या जागतिक जाहीरनाम्याच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकेल असा शब्द होता. तो बदलून 'सर्व माणसे' असे करण्यासाठी त्यांनी आग्रह धरला आणि तो मान्य झाला. घटना समितीत मात्र याच हंसाबेनांनी स्त्रियांच्या संघटनांनी राखीव जागा कधी मागितल्या नाहीत, त्यांना न्याय हवा, असे सांगितले होते. राखीव जागा पुढे लागल्याच, कारण केवळ न्यायाच्या भरवशावर जागा मिळाल्या नाहीत. दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कायद्यातला शब्द माणसाला सामावून घेईल एवढा रुंद हवा, आणि दुबळ्याची जागा राखलेली हवी.

शेवटी, आपण काय करायचे? कायद्यात पुढे कोणतीही दुरुस्ती येवो, तिला तीन प्रश्न विचारावेत. ओळखीचा दाखला अपमान न करता मिळतो का? स्त्रियांच्या तरतुदीला हात लावताना स्त्रियांना विचारले का? तृतीयपंथीयांना स्वतःचा वाटा दिला का? निवडणुकीत मत मागायला उमेदवार आपल्या मंडळात येतातच. त्यांच्यापुढे हेच तीन प्रश्न ठेवावेत आणि उत्तरे या पत्रिकेत छापावीत.

मंडळापुरत्या माझ्या दोन सूचना आहेत. सभासदत्वाच्या अर्जावर तिसरा रकाना असावा. आणि आपल्या निवृत्त सरकारी नोकरदारांनी महिन्यातून एक दुपार दाखल्यांच्या कागदपत्रांसाठी द्यावी. बरानपुऱ्यातून कोणी आले तर त्यांना खुर्ची द्यावी आणि अर्ज भरून द्यावा. आपल्यातल्याच एखाद्या घरातले मूलही उद्या येईल. त्याने आधी आपल्याकडे यावे, इतपत विश्वास आपल्याविषयी वाटला पाहिजे.

यावर मतभेद असतील. ते सभेत मांडावेत, पत्रिकेला लिहून पाठवावेत.