भंगारातले युरेनियम आणि अणुसामग्रीची राखण

(छत्रपती संभाजीनगर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मे २०२१ च्या पहिल्या आठवड्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेने सारा महाराष्ट्र हवालदिल झालेला असताना, मुंबईत राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने ७ किलो १०० ग्रॅम युरेनियम जप्त केल्याची बातमी आली. पकडलेल्या दोघांपैकी एक ठाण्याचा, दुसरा मानखुर्दचा. मानखुर्द म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शेजारचीच वस्ती. त्याच केंद्राने मालाची तपासणी करून तो नैसर्गिक युरेनियमचा असल्याचा अहवाल दिला आणि पुढे तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. मालाची किंमत एकवीस कोटी रुपयांवर असल्याचे जाहीर झाले आणि वृत्तपत्रांनी तो आकडा ठळक टाईपात छापला. वस्तुतः त्या वर्षीच्या आंतरराष्ट्रीय दराने एवढ्या युरेनियमची किंमत लाखभर रुपयेही भरत नव्हती. चोरबाजारातील भाव हा पदार्थाचा नसतो, भीतीचा असतो.

या युरेनियमचा बॉम्ब होऊ शकला नसता, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. नैसर्गिक युरेनियममध्ये स्फोटाला उपयुक्त असा युरेनियम-२३५ हा घटक शेकडा एकाहूनही कमी असतो. तो वाढविण्यास, म्हणजे समृद्धीकरणास, जे प्रचंड कारखाने लागतात ते कोणा टोळीच्या आवाक्यातले नव्हेत. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था एका बॉम्बपुरती सामग्री मोजताना उच्च समृद्ध युरेनियमसाठी त्यातील युरेनियम-२३५ चे २५ किलो आणि प्लुटोनियमसाठी ८ किलो हे माप वापरते. तेव्हा मानखुर्दच्या प्रकरणातून मुंबई उडाली असती, असे म्हणणे केवळ भयप्रचार ठरेल. परंतु म्हणून प्रकरण क्षुल्लक ठरत नाही. सात किलो युरेनियम ग्राहक शोधत हिंडत होते आणि ते कोणाच्या ताब्यातून सुटले होते, याचा शोध ते सापडल्यानंतर घ्यावा लागला, ही त्यातील खरी गंभीर बाब आहे.

जगातील अनुभवही असाच आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या दप्तरी १९९३ पासून अणु व किरणोत्सारी सामग्री हरवल्याच्या, चोरीस गेल्याच्या वा अनधिकृतपणे फिरल्याच्या चार हजारांहून अधिक घटनांची नोंद झाली आहे. त्यांतील बहुतेकांत दहशतवादी नाहीत. आहे तो निष्काळजीपणा, दिवाळखोरीत निघालेली आस्थापने, बंद पडलेली रुग्णालये आणि भंगार. १९८७ साली ब्राझीलमधील गोयानिया शहरात एका सोडून दिलेल्या दवाखान्यातले उपचारयंत्र दोन भंगारवाल्यांनी पळविले. आतील सिझियम-१३७ ची निळसर चमकणारी भुकटी पाहून लोकांनी ती हौसेने घरोघरी नेली. चार माणसे मेली, त्यात एक सहा वर्षांची मुलगी होती. २४९ जणांच्या अंगावर वा शरीरात किरणोत्सारी द्रव्य आढळले. आपल्या देशात २०१० साली दिल्ली विद्यापीठाने १९६८ मध्ये घेतलेले आणि १९८५ पासून पडून असलेले एक गामा उपकरण लिलावात विकले. मायापुरीच्या भंगारबाजारात ते फोडले गेले, आतील कोबाल्ट-६० उघडे पडले आणि एका कामगाराचा बळी गेला. विद्यापीठातील रसायनशास्त्राच्या विद्वानांना जे ठाऊक असावयास हवे होते, त्याची किंमत भंगार निवडणाऱ्या अशिक्षित माणसाने प्राण देऊन मोजली.

महाराष्ट्राचे नावही या यादीत आहे. २००८ च्या ऑक्टोबरात फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटनांत कोबाल्ट-६० सापडले. ती बटने जोडणाऱ्या वीस कामगारांना मर्यादेबाहेर किरणोत्सार लागल्याचे तेथील नियामक संस्थेने जाहीर केले. पोलाद भारतातून आले होते आणि माग निघाला तो खोपोलीच्या एका ओतशाळेपर्यंत. कोठले तरी टाकून दिलेले कोबाल्ट भंगारासोबत भट्टीत वितळले आणि खोपोलीहून निघून फ्रान्समधील कामगारांच्या बोटांपर्यंत पोचले. भांडवल आणि माल देशाच्या सीमा ओलांडतात, तसा किरणोत्सारही ओलांडतो. मग पहारा तेवढा एकेका देशाने आपापल्या कुंपणात करावा, हा युक्तिवाद टिकतो कसा?

म्हणूनच आंतरराष्ट्रीय सहकार्याचा प्रश्न येतो, आणि तो वाटतो तितका सरळ नाही. अणुसामग्रीच्या भौतिक संरक्षणाचा करार १९८० मध्ये झाला आणि १९८७ मध्ये अमलात आला. परंतु त्यातील संरक्षणाचे बंधन मुख्यतः आंतरराष्ट्रीय वाहतुकीपुरते होते. देशांतर्गत साठे, वापर व वाहतूक त्यात आणणारी दुरुस्ती २००५ साली संमत झाली. ती लागू होण्यास मे २०१६ उजाडावा लागला, कारण दोन-तृतीयांश देशांची मान्यता जमेना. भारताने ती २००७ मध्येच दिली होती. जगाला अणुदहशतवादाची व्याख्याने देणाऱ्या अमेरिकेने दिली २०१५ मध्ये! २०१० पासून २०१६ पर्यंत वॉशिंग्टन, सोल, हेग आणि पुन्हा वॉशिंग्टन अशा चार शिखर परिषदा भरल्या. शेवटच्या परिषदेवर रशियाने बहिष्कार टाकला. आणि या साऱ्या खटाटोपात लष्करी साठ्यांना कोणी हात लावला नाही. बॉम्ब बनविता येईल अशी जगातील बहुतांश सामग्री लष्करांच्याच ताब्यात आहे. विद्यापीठातील भट्टीची मोजदाद करावयाची आणि क्षेपणास्त्रांच्या कोठारासमोर डोळे मिटावयाचे, अशी ही रीत आहे.

तरीसुद्धा सहकार्याने काही साधत नाही असे म्हणणारे चूक करतात. सोव्हिएत संघ मोडल्यानंतर कझाकस्तानातील उस्त-कामेनोगोर्स्कच्या कारखान्यात सुमारे ६०० किलो उच्च समृद्ध युरेनियम जवळजवळ बेवारस पडले होते. १९९४ साली कझाक सरकारच्या संमतीने ते विमानांतून अमेरिकेस हलविण्यात आले. रशियाच्या अण्वस्त्रांतील ५०० टन समृद्ध युरेनियम १९९३ ते २०१३ या वीस वर्षांत सौम्य करून अमेरिकेतील वीजकेंद्रांत जाळले गेले. मुंबईतही एक चांगले उदाहरण आहे. ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झालेली ट्रॉम्बेची ‘अप्सरा’ परदेशातून आलेल्या समृद्ध युरेनियमवर चालत असे. ती बंद झाल्यावर ते इंधन डिसेंबर २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय देखरेखीखालील जागी हलविण्यात आले आणि २०१८ मध्ये सुरू झालेली नवी अप्सरा कमी समृद्ध इंधनावर चालविण्यात आली. याची फारशी बातमी झाली नाही. चोरण्याजोगी वस्तूच कमी करणे, याहून उत्तम पहारा नाही.

तारापूरची कथा मात्र दुसरी बाजू दाखविते. १९६३ च्या करारानुसार अमेरिकेने तारापूरच्या दोन भट्ट्यांना इंधन पुरवावयाचे होते आणि भारताने त्या आंतरराष्ट्रीय तपासणीखाली ठेवावयाच्या होत्या. भारताने तपासणी मान्य केली. १९७४ च्या पोखरणच्या स्फोटानंतर अमेरिकेने १९७८ मध्ये नवा कायदा केला आणि आधीच्या कराराला न जुमानता पुरवठा अडविला. १९८२ मध्ये फ्रान्स पुढे आला, नंतर चीनने व रशियानेही इंधन दिले. पोखरणचे समर्थन करण्याचे येथे कारण नाही. बुद्धाचे नाव जोडल्याने स्फोट शांततामय होत नसतो. पण एका पक्षाने दप्तर उघडे ठेवावे आणि दुसऱ्याने वाटेल तेव्हा शब्द फिरवावा, याला सहकार्य म्हणत नाहीत. अण्वस्त्रप्रसारबंदी कराराने पाच राष्ट्रांना मालक आणि इतरांना संशयित ठरविले, तेव्हापासून ही विषमता प्रत्येक तपासनिसाच्या पिशवीत बसून प्रवास करते आहे.

विषमतेचा ताजा पुरावा हवा असेल तर जून २०२५ आठवावा. इराणकडे ६० टक्क्यांपर्यंत समृद्ध केलेले सुमारे ४४० किलो युरेनियम होते आणि त्याची मोजदाद आंतरराष्ट्रीय निरीक्षक करीत होते. इस्रायलने व पाठोपाठ अमेरिकेने फोर्दो, नतान्झ, इस्फहान येथे बॉम्ब टाकले. निरीक्षकांना बाहेर पडावे लागले आणि नंतर कित्येक महिने तो साठा त्यांना तपासता आला नाही. मोजलेली सामग्री बेहिशेबी झाली, ती सुरक्षेच्या नावाने! त्याआधी मार्च २०२२ मध्ये रशियन फौजांनी युक्रेनमधील झापोरिझ्झ्याचे अणुवीजकेंद्र बळकावले होते. अणुदहशतवाद म्हणजे काळोखात पिशवी घेऊन जाणारा इसम, एवढेच चित्र रंगविणाऱ्यांनी या दोन घटनांना कोणते नाव द्यावे?

या बाबतीत भारत आणि पाकिस्तान यांनी जगाला धडा घालून दिला आहे, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. परस्परांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार दोघांनी ३१ डिसेंबर १९८८ रोजी केला. १९९२ पासून दर १ जानेवारीस दोन्ही सरकारे आपापल्या केंद्रांच्या याद्या एकमेकांस देतात. कारगिलनंतरच्या १ जानेवारीस त्या दिल्या गेल्या, २६ नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्यानंतर पाच आठवड्यांनीही दिल्या गेल्या. क्रिकेट बंद पडले, याद्या बंद पडल्या नाहीत.

आता घराकडे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ नावाचा नवा अणुऊर्जा कायदा मंजूर केला आणि अणुवीजनिर्मितीचे दार खाजगी भांडवलाला उघडले. अणुऊर्जा नियामक मंडळाला वैधानिक दर्जा मिळाला, ही मागणी जुनी होती व योग्य होती. पण नफ्यासाठी चालणारा कारखाना पहारेकऱ्यांच्या पगारात आधी काटछाट करतो, हा वाळूजच्या आणि चिकलठाण्याच्या कंत्राटी कामगाराचा रोजचा अनुभव आहे. अणुकेंद्राच्या फाटकावरील माणूसही ठेकेदाराचाच असेल, तर व्हिएन्नात झालेल्या करारांची अंमलबजावणी अखेर त्याच्या बारा तासांच्या पाळीवर अवलंबून राहील.

आणि जालना येथून साठ किलोमीटरवर आहे. तेथील पोलादाच्या भट्ट्या देशोदेशीच्या भंगारावर चालतात. भंगाराचा ट्रक आत येतो त्या काट्यावर वजन होते, तसा किरणोत्सारही मोजला जातो काय? यंत्र असल्यास ते चालू आहे काय, त्याची घंटा वाजली तर काम थांबविण्याचा अधिकार पाळीवरील कामगाराला आहे, की मुकादमाला विचारावे लागते? तीन पानांचे ते पिवळ्या-काळ्या तीन पाकळ्यांचे चिन्ह भंगार निवडणाऱ्या बायांना कोणी दाखविले आहे काय? हे प्रश्न लेखी स्वरूपात कारखाना निरीक्षकाकडे आणि नियामक मंडळाकडे जावेत, उत्तर मराठीत मागावे आणि ते भट्टीच्या फाटकावर लावावे. घाटीसारख्या रुग्णालयांतून किंवा महाविद्यालयांतून जुने किरणोत्सारी उपकरण निकालात निघणार असेल, तर ते लिलावाच्या यादीत न जाता परत कोठे जाणार, हेही विचारावे. मायापुरीच्या लिलावाच्या वेळी हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता.