पिंगुळीचे चित्रकथी

इटलींतील फ्लॉरेन्स नगरांत गाद्दी नांवाचें चित्रकारांचें एक घराणें होऊन गेलें. गाद्दो, त्याचा मुलगा ताद्देओ आणि नातू आन्योलो अशा तीन पिढ्या त्यांत नांवाजल्या. आन्योलोचा शिष्य चेन्नीनो यानें चित्रकलेवर ग्रंथ लिहिला व त्यांत ताद्देओ आणि आन्योलो यांची परंपरा नमूद केली. म्हणून तीं नांवें ६०० वर्षांनंतरही जगास ठाऊक आहेत. कोंकणांत कुडाळजवळ पिंगुळी गांवींही घराण्यांनीं चित्रें सांभाळलीं. पण तेथील जुन्या पोथ्यांचे चित्रकार बहुतांशीं निनांवीच राहिले.

पिंगुळीचे चित्रकथी ठाकर समाजाचे. रामायण-महाभारतांतील एकेका आख्यानाच्या सुट्या चित्रांचा जो संच, त्यास ते पोथी म्हणतात. ही पोथी वाचावयाची नव्हे, दाखवावयाची. फळीला टेकवून एकेक चित्र पुढें करावयाचें आणि वीणा, टाळ व हुडुक यांच्या साथीवर प्रसंग गाऊन सांगावयाचा. असा व्यवसाय महाराष्ट्रास नवा नाहीं. १२ व्या शतकांतील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत चित्रकथकाचा उल्लेख आहे. पिंगुळीच्या चित्रांतील माणसें बहुधा एका बाजूनें दिसतात, डोळे टपोरे, रेषा ठसठशीत. शहरी रसिकास हें कदाचित् ओबडधोबड वाटेल. पण देवळांतील समईच्या उजेडांत मागें बसलेल्या म्हाताऱ्यासही रावण कोणता व राम कोणता हें कळलें पाहिजे, एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या रेषेचें मर्म उलगडतें.

सावंतवाडीच्या राजघराण्याचा या कलेस आश्रय होता. पोथी बापाकडून मुलाकडे येई आणि तिच्याबरोबर कथा व चालीही येत. कागद जीर्ण झाला कीं तो टाकावयाचा नाहीं, पाण्यांत सोडावयाचा, अशी रीत सांगतात. भाव मोठा खरा. पण त्या रीतीनें किती पिढ्यांचें काम वाहून गेलें असेल! पुढें राजाश्रय सरला, करमणुकीचीं नवीं साधनें आलीं, आणि ऐकणारेच उरेनात. श्रोता नसेल तर चित्रकथ्याची पोथी केवळ कागदांचा गठ्ठा होय.

परशुराम गंगावणे यांनीं २००६ साली आपल्या घरच्या गोठ्याचेंच संग्रहालय केलें. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे मुलगेही याच कामांत आहेत. जुने प्रसंग नव्या कागदावर उतरतात आणि पाहुणा आला कीं गोठ्यांत पुन्हां हुडुक वाजतें.