घरापासून दूर शिकणाऱ्या आपल्या मुलांविषयीं
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालकसभेंतील भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या या मंगल समयीं आम्ही एका घरगुती विषयाकडे आपलें लक्ष वेधूं इच्छितों. दरवर्षीं बारावी उत्तीर्ण झालेलीं आपलीं कांहीं मुलें मुंबई-पुण्याच्या वसतिगृहांत राहावयास जातात. आरंभीं त्यांस घास गोड लागत नाहीं, रात्रीं झोंप येत नाहीं, वर्गांत बसूनही चित्त घरच्या ओटीवर असतें. कित्येक वडील माणसें यास लाडावलेपण म्हणतात. आमच्या मतें हा त्या मुलांवर अन्याय होय.

हें दुखणें आजकालचें नव्हे. इ. स. १६८८ मध्यें स्वित्झर्लंडांतील बाझल येथें योहानेस होफर या तरुणानें यावर वैद्यकीय प्रबंध लिहिला आणि ‘घरीं परतणें’ व ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्यास ‘नॉस्टॅल्जिया’ असें नांव दिलें. त्यांत बर्नहून बाझलला शिकावयास आलेल्या एका विद्यार्थ्याची हकीकत आहे. खिन्नतेनें व तापानें तो इतका खंगला कीं लोकांनीं त्याची आशा सोडली. अखेरीस त्यास घरीं धाडण्याचें ठरलें. निघण्याची तयारी पाहूनच त्याच्या जिवांत जीव आला, आणि बर्न गांठण्यापूर्वींच तो वाटेंत बरा झाला. यावरून आम्हांस वाटतें कीं, घराची वाट आपणांस मोकळी आहे, ही खात्रीच मोठें औषध आहे.

मग आपलीं मुलें ही खात्री कां गमावितात? अभ्यासाच्या भयानें. गांवच्या शाळेंत पहिला येणारा मुलगा तेथें शंभरांतला एक होतो. मराठींतून शिकलेल्या मुलीस इंग्रजी व्याख्यान उतरवून घेतां घेतां अर्थच निसटतो. अशांत घरून फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, ‘गुण किती पडले?’ मग पोर ‘बरें चाललें आहे’ म्हणतें आणि एकटें रडतें. फी भरण्याकरितां आईनें दागिना गहाण ठेविला असेल, तर खरें सांगणें अधिकच जड जातें.

म्हणून आमची विनंती कीं, पहिला प्रश्न ‘जेवलास का?’ असा असावा. नापास झालास तरी हें घर तुझेंच, हें तोंडानें सांगावें. मुलें तें जाणतात असें गृहीत धरूं नये. पुढील सुटीस घरीं येण्याचा दिवस आधींच ठरवावा. शहरांतील आपल्या कुटुंबांनीं अशा मुलांस एखाद्या रविवारीं उपासनेनंतर जेवावयास न्यावें.

बहुतेकांचें मन कांहीं आठवड्यांत रुळतें. परंतु झोंप, भूक व उमेद दोन आठवड्यांहून अधिक काळ हरपली, तर लाज न धरितां डॉक्टरांस भेटावें. जीव नकोसा झाल्याची भाषा निघाली, तर एक दिवसही थांबूं नये. भारत सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यांतील बाप मुलगा दुरूनच दिसतां धांवत गेला. आपल्या मुलांनीं तर कांहींच उधळलेलें नाहीं. घरीं परततांना त्यांस अपराध्याप्रमाणें मान खालीं घालावी लागूं नये, एवढें आपण सर्वांनीं पाहावें.