राजगृह आणि आपल्या विहाराची भिंत
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आम्ही काही वक्ते नाही. गिरणीत साच्यावर उभे राहून आयुष्य गेले, जे वाचले ते रात्रपाळीच्या आधी आणि सुट्टीच्या दिवशी. मंडळींनी सांगितले की यंदा तुम्ही बोला, विषय तुम्हीच ठरवा. आम्ही विषय ठरवला राजगृहाचा. कारण एकच. सहा डिसेंबरला आपण चैत्यभूमीवर जातो, रांगेत उभे राहतो, तिथून पूल ओलांडून दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत जातो, राजगृहासमोर हात जोडतो, एखादा फोटो काढतो आणि घरी येतो. पण ते घर उभे कसे राहिले आणि टिकते कसे, हे आपल्या पोरांना विचारा. पोरांचे सोडा, आपण तरी सांगू शकू का?

बाबासाहेब कुठून तिथे गेले ते आधी बघा. परळला पोयबावडीची इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची चाळ. तिथल्या दोन खोल्या. त्या खोल्यांत कुटुंब, येणारे-जाणारे, पक्षकार आणि पुस्तके. ज्यांनी चाळीत संसार केला त्यांना हे जास्त सांगायला नको. माणूस कसाही मावतो, पण पुस्तकाला कोरडी जागा लागते. बाबासाहेबांची कचेरी तेव्हा दामोदर हॉलमध्ये होती. पुस्तके वाढत चालली होती. आधी एकदा फटका बसलेलाच होता. १९१७ साली ते लंडनहून परतले तेव्हा त्यांच्या पुस्तकांच्या पेट्या दुसऱ्या बोटीने येत होत्या, ती बोट महायुद्धात बुडवली गेली आणि पेट्या समुद्राच्या तळाला गेल्या. ज्याची पुस्तके एकदा अशी गेली, तो पुढे घर बांधताना पुस्तकांचा विचार आधी करणारच.

आता एक गंमत सांगतो, हसू नका. बाबासाहेब ज्या चाळीत राहत होते ती इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची, आणि दादर-माटुंग्याची जमीन सपाट करून, रस्ते आखून, प्लॉट पाडले तेही त्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने. मुंबईत प्लेग झाला, त्यानंतर १८९८ साली हा ट्रस्ट निघाला. मजुरांसाठी चाळी आणि मध्यमवर्गासाठी बागा-रस्त्यांच्या कॉलन्या, दोन्ही एकाच हाताने. म्हणजे बाबासाहेब ट्रस्टच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेले. नुसते अंतर मोजले तर परळ ते हिंदू कॉलनी पायी जाण्यासारखे आहे. पण त्या काळी त्या वस्तीत, पांढरपेशा सवर्णांच्या शेजारी, आपल्या समाजातल्या माणसाने स्वतःच्या नावावर जमीन घ्यायची आणि त्यावर इमारत उठवायची, हे अंतर कसे मोजणार?

त्यांनी १९३० च्या सुमारास जागा घेतली, कर्ज काढले. १९३१ ला काम सुरू झाले, १९३३ ला पुरे झाले. तारखा लक्षात घ्या. याच वर्षांत गोलमेज परिषदा, याच वर्षांत १९३२ चा पुणे करार. इकडे लंडनला देशाच्या घटनेवर वाद चाललेला आणि तिकडे दादरला विटा-सिमेंटचे काम चाललेले. घरात खाली कुटुंबाचे राहणे, वर ग्रंथालय आणि लिहिण्याची जागा. त्याच सुमारास दुसऱ्या जागेवर भाड्याने देण्यासाठी चारमिनार नावाची एक इमारतही बांधली होती, ती १९४१ साली विकून टाकली. घर ठेवले, इमारत विकली, कारण पुस्तके घ्यायची होती आणि देणी फेडायची होती. आपल्यातले किती जण असा सौदा करतील?

नावाबद्दल दोन शब्द. राजगृह म्हणजे राजाचे घर असे पुष्कळ जण समजतात. मगधाची जुनी राजधानी राजगृह, आजचे बिहारमधले राजगीर. तिथे बिंबिसार राजाने तथागतांना वेळुवन दान दिले, तिथलाच गृध्रकूट पर्वत, आणि महापरिनिर्वाणानंतर पहिली धम्मसंगीती तिथेच झाली. धर्मांतर १९५६ साली झाले, येवल्याची घोषणा १९३५ ची, पण घराला नाव दिले ते त्याच्याही आधी. म्हणून आम्ही पोरांना सांगतो, बाबासाहेबांच्या मनात काय चालले होते ते घराच्या पाटीवर वाचा.

या घराने सुख किती पाहिले ते सांगणे कठीण आहे. २७ मे १९३५ रोजी माता रमाई याच घरात गेल्या. चाळीतून मोठ्या घरात येऊन त्यांना पुरती दोन वर्षेही मिळाली नाहीत. १९४० साली पाकिस्तानवरचे पुस्तक निघाले, ते बाबासाहेबांनी त्यांना अर्पण केले. १९४२ ला बाबासाहेब मजूरमंत्री होऊन दिल्लीला गेले. पुस्तके वाढतच राहिली. त्यांतली पुष्कळ पुढे सिद्धार्थ महाविद्यालयाकडे गेली, म्हणजे आपल्या पोरांच्या हाती लागावीत अशा ठिकाणी. आणि मग सहा डिसेंबर १९५६. दिल्लीहून विमानाने आणलेला देह सात तारखेला पहाटे राजगृहात ठेवला. आमचे आजोबा त्या रांगेत होते. ते म्हणायचे, रांग सरकत नव्हती, पण रांग सोडून कोणी जातही नव्हते. पायात चप्पल नव्हती याची आठवण त्यांना संध्याकाळी झाली.

आता जपणुकीकडे येतो. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण तोच सांगायला आम्ही उभे आहोत.

मुंबईत घर बांधणे सोपे, ठेवणे अवघड. इथली हवा खारी, पाऊस चार महिने. त्या काळच्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळया असतात. बारीक भेगेतून ओल आत गेली की सळई गंजते, गंजली की फुगते आणि फुगली की वरचे काँक्रीट ढकलून पाडते. बाहेरून आपल्याला फक्त पोपडा दिसतो. आम्ही म्हणतो पोपडा पडला, लिंपून टाका. लिंपल्याने आतली सळई बरी होत नाही, ती आत गंजतच राहते. तसेच पिंपळाचे. बोधिवृक्ष म्हणून भिंतीत उगवलेले रोप आपण काढत नाही, हात जोडतो. अहो, त्याची मुळे भिंत फोडतात. ते अलगद काढून कुंडीत लावा, मैदानात लावा, पण भिंतीत ठेवू नका. गच्चीवरची पन्हळ मे महिन्यात साफ करायची, जूनमध्ये नाही. पुस्तकांची कपाटे बाहेरच्या भिंतीला टेकवायची नाहीत, चार बोटे जागा सोडायची.

गिरणीत आम्ही हे रोज पाहिले. साच्याला तेल वेळेवर दिले तर तो माणसाच्या आयुष्याएवढा चालतो. नाही दिले तर मोडतो आणि मग म्हणतात, साचा जुना झाला, भंगारात काढा. इमारतीचे तसेच होते. आधी दुरुस्ती करायची नाही, मग म्हणायचे धोकादायक झाली. २५ जून २०१६ ला पहाटे दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले. बाबासाहेबांचा बुद्धभूषण छापखाना त्याच आवारात होता. इमारत मोडकळीला आली होती, असेच तेव्हा सांगितले गेले. चूक कोणाची हा वाद इथे नको. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा ढिगारा होता, तेवढेच सांगतो. पाडलेल्या भिंतीपुढे घोषणा आम्हीही दिल्या. ती भिंत उभी होती तेव्हा तिच्यासाठी आम्ही काय केले, हे त्या दिवशी कोणी कोणाला विचारले नाही.

राजगृहावरही घाव झाला. ७ जुलै २०२०, टाळेबंदीचे दिवस. आवारात घुसून कुंड्या फोडल्या, काचा फोडल्या, कॅमेऱ्याचे नुकसान केले. आपले लोक रस्त्यावर येणार हे सर्वांना वाटत होते. कुटुंबाने शांततेचे आवाहन केले आणि लोकांनी ते पाळले. सरकारने पोलीस बंदोबस्त ठेवला. बंदोबस्त दगडाला अडवील, ओलीला नाही अडवणार. काही मंडळी म्हणतात, राजगृह सरकारने ताब्यात घ्यावे. आम्हाला ते पटत नाही. लंडनचे घर सरकारने २०१५ साली घेतले, चांगले झाले, कारण तिथे आपले कोणी नव्हते. राजगृह हे कुटुंबाचे घर आहे, खालच्या खोल्या दर्शनासाठी उघड्या ठेवल्या आहेत हा त्यांचा मोठेपणा. तिथे जाताना निदान एवढे करावे की ओल्या छत्र्या आत नेऊ नयेत, वस्तूंना हात लावू नये, हार-फुलांचा ढीग करू नये. ओल्या फुलांना किडे येतात आणि तेच किडे पुढे कागदाकडे जातात.

आता आमची कबुली. हे सगळे आम्हाला आधीपासून ठाऊक नव्हते. या विहाराच्या मागच्या भिंतीला ओल येत होती. वर्धापनदिन जवळ आला होता, पाहुणे येणार होते. आम्ही विश्वस्तांना म्हणालो, ऑइलपेंट मारू, भिंत चकाचक दिसेल. गवंडी म्हातारा होता, तो म्हणाला, भाऊ, आधी गच्चीची भेग भरा, रंग मारला तर पाणी आत कोंडेल. आम्ही त्याचे ऐकले नाही. पैसे रंगाला होते, भेगेला नव्हते. कार्यक्रम झकास झाला. ऑगस्टमध्ये रंग फुग्यासारखा सुटला आणि भिंतीला टेकून असलेले लाकडी कपाट आतून कुजले. त्यात बाबासाहेबांच्या ग्रंथांचे खंड होते, गिरणीतल्या सोबत्यांनी पगारातून वर्गणी काढून घेतलेले. पाने एकमेकांना चिकटून वीट झाली होती. एका खंडावर वर्गणी देणाऱ्यांची नावे शाईने लिहिली होती, ती पुसून निळा डाग राहिला. त्यातले काही जण आता हयात नाहीत. त्यांच्या घरच्यांना आम्ही अजून नीट सांगितलेले नाही, आज इथे सांगतो आहोत. ती मंडळी समोर बसली आहेत. चूक आमची होती, गवंड्याची नाही.

म्हणून यंदाच्या वर्गणीबद्दल आमचे म्हणणे असे आहे. कमान आणि रोषणाई कमी करा. गच्चीची भेग आधी, मग पन्हळ, मग लोखंडी कपाट, रंग सर्वांत शेवटी. विश्वस्तांपैकी दोघांना हे मान्य नाही, ते म्हणतात कमानीशिवाय वर्धापनदिन कसला. त्यांनीही बोलावे, आम्ही खाली बसून ऐकू. शिडी आमच्याकडे आहे. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही गच्चीवर चढणार आहोत. घमेली दोन लागतील आणि झाडू घरून आणावा लागेल.

जयभीम, नमो बुद्धाय.