सरळ, पण कशाच्या मानाने?



ज्याने आपली उमेदीची वर्षे टूलरूममध्ये डायलच्या काट्याकडे पाहण्यात घालविली, त्याला या आसनावर बसवून आपण जो बहुमान दिला, त्याची उतराई एखादा भारदस्त सिद्धांत मांडून करण्याची माझी ऐपत नाही. म्हणून एका बोटभर वस्तूची हकीकत सांगण्याची परवानगी मागतो. ती वस्तू म्हणजे अमेरिकेतील हौशी नेमबाज घरच्या मेजावर स्वहस्ते भरतो, ते रायफलीचे काडतूस. आपल्याकडे हा छंद जवळजवळ अपरिचित आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीच्या ज्या प्रकारात कांस्यपदक मिळविले, त्यात .२२ चे कारखान्यातून आलेले काडतूसच चालते. परंतु त्या अमेरिकन गृहस्थापुढचा पेच मात्र मापनव्यवसायातील आपणा सर्वांच्या रोजच्या परिचयाचा आहे.

वापरलेली पितळी पुंगळी डायमध्ये दाबून मूळ मापावर आणली आणि तिच्या मानेत नवी गोळी बसविली, की गोळीचा अक्ष पुंगळीच्या अक्षाशी जुळेलच असे नाही. मॅसॅच्युसेट्सचे फ्रँकलिन मान या वैद्यकाची पदवी घेतलेल्या पण बंदुकीच्या नादाने झपाटलेल्या गृहस्थांनी गोळ्या मुद्दाम विद्रूप करून झाडल्या, आणि टोकापेक्षा बुडाला झालेली इजा नेम अधिक बिघडविते, हे आपल्या १९०९ च्या ग्रंथात नोंदविले. वाकडी बसलेली गोळी नळीत कशी शिरते, याची चिंता किमान तेव्हापासूनची आहे. आज ती चिंता थाऊंत, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत, मोजली जाते, आणि ती मोजणारी साधने बाजारात इतकी आहेत, की काडतुसापेक्षा साधनाची निवडच अवघड व्हावी.

या साधनांच्या दोन जाती मानाव्यात. एका जातीत पुंगळीचे अंग दोन ठिकाणी चेंडूंवर किंवा रुळांवर टेकते आणि डायलचे टोक गोळीच्या निमुळत्या भागावर येते. दुसऱ्या जातीत काडतूस बुडाशी व गोळीच्या टोकाशी, लेथवरच्या जॉबप्रमाणे, दोन केंद्रांत धरले जाते. मी .३०८ विंचेस्टर या १९५२ पासून प्रचलित काडतुसाच्या आकाराची, मानेशी हेतुपुरस्सर वाकविलेली एक पितळी प्रतिकृती करविली. पहिल्या जातीवर फिरविली तेव्हा काटा चार थाऊ हलला. दुसरीवर, गोळीच्या त्याच बिंदूशी डायल लावून, जेमतेम दोन. खोटे कोणीच बोलत नव्हते. टोक आणि बूड हीच ज्याच्या हिशेबी सरळ रेषा, त्याला टोकाजवळचा बाक कमी दिसणारच; त्याने डायल मानेकडे सरकविला असता, तर तोच बाक पुन्हा चारच्या वर गेला असता. आणि या चारातही खरी विचलनाची रक्कम दोनच, कारण संपूर्ण फेऱ्यात काटा दुप्पट हलतो. आमच्या कारखान्यात नव्या मुलांचा पहिला गोंधळ येथेच होई, आणि खरे सांगायचे तर जुन्यांचाही.

तेव्हा साधन घेणाऱ्याने प्रथम विचारावे, सरळ कशाच्या मानाने? काडतूस बंदुकीच्या कक्षेत पुंगळीच्या अंगानेच टेकते, म्हणून माझा कौल अंगावर टेकविणाऱ्या साधनाला आहे. शिवाय त्यावर रिकामी पुंगळीही ठेवता येते, आणि रोगाचे मूळ बहुधा तेथेच सापडते: झाडलेली पुंगळी मानेशी सरळ असून डायमधून निघाल्यावर वाकडी आढळली, तर मान आतून रुंद करण्यासाठी तिच्यातून ओढल्या जाणाऱ्या डायच्या गोलकाने ती ओढली, असा संशय घ्यावा. मानेची भिंत एका बाजूस जाड असेल, तर मात्र डाय बदलून काही साधत नाही. केवळ तयार काडतूस तपासणारे साधन वाकडेपणा जाहीर करते, तो आला कोठून याचा पत्ता देत नाही.

राहता राहिला डायल. पिस्टनच्या डायलची स्प्रिंग हलक्या काडतुसाला प्रसंगी उचलून धरते. तरफेचा डायल हळुवार स्पर्श करतो, परंतु त्याची तरफ तिरपी लागली, की आकडा फसवा होतो. माझ्या हाताखालच्या एका उमेदवाराने दुपारभर आकडे नोंदवून वहीच भरली, आणि संध्याकाळी लक्षात आले, की रुळाखाली पितळेचा कीस अडकला होता. घासून गोल केलेली पिन ठेवून काटा स्थिर राहतो का हे आधी पाहिले असते, तर दुपार वाचली असती. अर्थात वही मी फाडली नाही; ती अजून आमच्या कपाटात आहे.

शेजारच्या दालनात या दोन्ही जातींची साधने आणि पितळी प्रतिकृती मांडून ठेविल्या आहेत. दुपारच्या सत्रानंतर प्रत्येकाने एकच प्रतिकृती दोन्हींवर दहा-दहा वेळा फिरवावी आणि आकडे, ते जुळोत वा न जुळोत, खाडाखोड न करता माझ्याकडे द्यावेत, एवढीच विनंती आहे.