सगळ्या औषधांची एकच यादी

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण)

पंचवीस वर्षांपूर्वी चाळिशीत इथे राहायला आलेले आपण आता पासष्टीला आलो. घरोघरी गोळ्यांचा डबा आहे. त्यात कुणाला कॅन्सरचे उपचार सुरू झाले की आणखी औषधांची भर पडते. माझं आयुष्य औषधाच्या दुकानात गेलं, म्हणून एकच विषय मांडतो: डब्यातली औषधं एकमेकांशी जमतात का, हे तपासून घ्या.

१९९३ साली जपानमध्ये नागिणीवर सोरिव्हुडिन नावाचं नवं औषध आलं. फाइव्ह-एफयू गटातली कॅन्सरची औषधं घेणाऱ्या काहींना तेही दिलं गेलं. फाइव्ह-एफयूचा शरीरात निचरा करणारं एन्झाइम त्यामुळे बंद पडलं. औषध साठत गेलं आणि काही आठवड्यांत डझनाहून जास्त रुग्ण दगावले. घात झाला तो दोन औषधं एकत्र आल्यामुळे.

आपल्याकडच्या गोळ्यांचंही असंच आहे. कॅपेसिटाबिन चालू असताना रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेतली, तर रक्तस्राव होऊ शकतो. मेथोट्रेक्झेटचा मोठा डोस असताना अंगदुखीवर डायक्लोफेनॅक घेतली, तर मेथोट्रेक्झेट मूत्रपिंडातून वेळेवर बाहेर पडत नाही. स्तनाच्या कॅन्सरवरची टॅमॉक्सिफेन यकृतात गेल्यावर खरी कामाला लागते. नैराश्यावरची पॅरॉक्सेटिन तिथेच आडवी येते. याचा त्रास काहीच जाणवत नाही, म्हणून ते लक्षातही येत नाही. पपनसासारखं फळसुद्धा काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं.

अडचण अशी, की केमो मुंबईला टाटामध्ये, बीपीची गोळी राजारामपुरीतल्या डॉक्टरांची, आणि काढा पाहुण्यांनी सांगितलेला. प्रत्येकाकडे कागद वेगळा. सगळं एकत्र कुणी बघायचं?

म्हणून घरातल्या एकानं एक यादी करावी. औषधाचं नाव, ताकद, वेळ, कुणी दिलं, कधीपासून. त्यात अ‍ॅसिडिटीची गोळी, कॅल्शियम, हळदीच्या कॅप्सूल, चूर्ण, काढे सगळं लिहा. भाजीतल्या हळदीची चिंता नको. कॅप्सूलचं मात्र सांगायचं. प्रत्येक केमोच्या आधी आणि नवीन चिठ्ठी मिळाली की यादी दाखवा. औषधं शक्यतो एकाच दुकानातून घ्या. दुकानदार कॉम्प्युटरवर तपासून धोका सांगू शकेल, पण निर्णय कॅन्सरच्या डॉक्टरांचा; रुग्णाचे किडनी-लिव्हरचे रिपोर्ट त्यांच्यासमोर असतात. आणि ऐकून घाबरून कुठलीही गोळी परस्पर बंद करू नका, तेही तितकंच धोक्याचं आहे.

केमो चालू असताना ताप आला, रक्त येऊ लागलं किंवा जुलाब थांबेनात, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. यादी घेऊन दवाखाना गाठा.

सोसायटीचं दप्तर आपण पंचवीस वर्षं चोख ठेवलं. आता हे एक पानही ठेवूया.